एक तार, चार संगणक आणि घरातली भांडणं

‘नेट स्लो झालंय!’ हे वाक्य ज्या घरात ऐकू येत नाही असं घर मला दाखवा. लगेच पुढचा प्रश्न येतो, ‘कोण डाउनलोड करतंय?’ मग संशयाची सुई घरातल्या सगळ्यात लहान माणसावर जाते. बिचारा काही करत नसतो! खरा गुन्हेगार बहुतेक वेळा शोकेसवर, टेलिफोनच्या शेजारी, हिरवे दिवे लुकलुकवत शांतपणे बसलेला असतो. त्याचं नाव मोडेम-राऊटर. या लेखात त्याची ओळख करून घेऊ आणि भांडण मिटवायचा मार्गही बघू.

थोडा इतिहास

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलमार्फत. तेव्हा मोडेम फोन लावायचा, कर्कश आवाज काढायचा आणि नेट चालू असेपर्यंत घरचा फोन एंगेज! वेग जास्तीत जास्त ५६ केबीपीएस, तोही कागदावर. ऑक्टोबर २००४ मध्ये केंद्र सरकारचं ब्रॉडबँड धोरण आलं आणि २५६ केबीपीएस व सतत चालू असणारं कनेक्शन म्हणजे ब्रॉडबँड अशी व्याख्या झाली. (२०२३ मध्ये हीच किमान मर्यादा २ एमबीपीएस झाली.) २००५ च्या सुरुवातीला मुंबई-दिल्लीत एमटीएनएलचं ‘ट्रायबँड’ आणि बाकी देशात बीएसएनएलचं ‘डेटावन’ सुरू झालं.

आमचं घर नाहूरला, म्हणजे भांडुप आणि मुलुंडच्या मधे. आमच्याकडे रेल्वे स्टेशन आलं २००६ मध्ये. ब्रॉडबँडने त्याच्या आधीच नंबर लावला होता! २००७ मध्ये घरी दुसरा संगणक आला आणि ‘एका कनेक्शनवर दोन मशीन कशी चालवायची?’ हा प्रश्नही सोबत आला. उत्तर होतं चार पोर्टवाला मोडेम-राऊटर.

एका डब्यात तीन यंत्रं

सगळा गोंधळ होतो तो इथे. आपण त्याला ‘मोडेम’ म्हणतो, पण त्या प्लॅस्टिकच्या डब्यात तीन वेगळी यंत्रं एकत्र राहतात. मोडेम टेलिफोनच्या तारेशी बोलतो, राऊटर घर आणि बाहेरचं जग यांच्यात व्यवहार करतो, आणि स्विच घरातल्या संगणकांना एकमेकांशी जोडतो. बिघाड झाला की तिघांपैकी कोण आजारी आहे हे ओळखता आलं, की अर्धं काम झालं.

मोडेम : एकाच तारेवर फोनही आणि नेटही

फोनवर आपला आवाज ४ किलोहर्ट्झच्या खालीच संपतो. तांब्याच्या त्याच जोडीवरून त्याहून खूप वरच्या फ्रीक्वेन्सीही जाऊ शकतात. एडीएसएल हे तंत्र हीच रिकामी जागा वापरतं. साधारण २५ ते १३८ किलोहर्ट्झ अपलोडसाठी आणि १३८ ते ११०४ किलोहर्ट्झ डाउनलोडसाठी. हा सगळा पट्टा ४.३१२५ किलोहर्ट्झच्या २५६ खणांत विभागलेला असतो. (गुणाकार करून बघा, बरोबर ११०४ येतात.) मोडेम प्रत्येक खण तपासतो. ज्या खणात गोंगाट कमी, तिथे जास्त बिट भरतो. जिथे जास्त, तो खण मोकळा सोडतो. म्हणूनच मोडेम चालू केल्यावर तो एक-दोन मिनिटं नुसता लुकलुकत बसतो. तो रुसलेला नसतो, मोजमाप करत असतो.

आता ‘ए’ म्हणजे असिमेट्रिक, असमान. वाटणी बघितलीत ना? डाउनलोडला अवाढव्य जागा, अपलोडला जेमतेम. एडीएसएलची डाउनलोडची कमाल ८ एमबीपीएस आणि एडीएसएल२ प्लसची २४, पण नेहमीच्या घरगुती लाईनवर अपलोड मात्र दोन्हीकडे एक एमबीपीएसच्या आसपासच अडकतं. हे लक्षात ठेवा, भांडणाचं मूळ इथेच आहे.

फोन आणि नेट वेगळं करतो तो स्प्लिटर नावाचा छोटा डबा. लक्षात ठेवायचं ते एवढंच, की घरातला प्रत्येक फोन स्प्लिटरच्या किंवा फिल्टरच्या पलीकडे हवा. बेडरूममध्ये एखादं एक्स्टेन्शन थेट लाईनवर जोडलेलं असेल, तर तिथला रिसीव्हर उचलला की हॉलमधलं नेट गचकतं. लोक मोडेम बदलतात, आणि दोष असतो बेडरूमच्या फोनचा!

आणखी एक गोष्ट, अंतर. जास्त फ्रीक्वेन्सी तारेत लवकर विरते. त्यामुळे एक्स्चेंजपासून तार जितकी लांब, तितका वेग कमी. पाच किलोमीटरच्या पुढे तर फारसं काही हाती लागत नाही. आणि तार सरळ रेषेत येत नाही. रेल्वे रूळ, नाले, खांब, डीपी असे वळसे घेत येते. पावसाळ्यात एखाद्या जोडात पाणी शिरलं की गोंगाट वाढतो आणि नेट दर दहा मिनिटांनी तुटायला लागतं. मोडेमच्या स्टेटस पानावर ‘एसएनआर मार्जिन’ असा आकडा दिसतो. तो ६ डेसिबलच्या खाली घुटमळत असेल तर सेटिंगशी खेळू नका, सरळ लाइनमनला बोलवा.

राऊटर : सोसायटीचा वॉचमन

कंपनी घराला पत्ता देते एकच. मग चार संगणक कसे चालतात? पूर्वी बऱ्याच घरांत मोडेम ‘ब्रिज’ मोडमध्ये असायचा. म्हणजे युजरनेम-पासवर्ड संगणकात टाकायचा आणि तो बाहेरचा पत्ता त्या एकाच संगणकाला मिळायचा. दुसऱ्याने हात चोळत बसायचं. मोडेमलाच ‘पीपीपीओई’ मोडमध्ये टाकलं की लॉगिन तो स्वतः करतो, बाहेरचा पत्ता स्वतःकडे ठेवतो, आणि घरातल्यांना १९२.१६८.१.२, १९२.१६८.१.३ असे खाजगी नंबर वाटतो. हे वाटप करणाऱ्याचं नाव डीएचसीपी.

आता समजा, सोसायटीचा पत्ता एकच आहे आणि पत्रं सगळी गेटवरच येतात. वॉचमनकडे एक वही आहे. ३ नंबरच्या फ्लॅटमधून पत्र बाहेर गेलं की तो त्यावर स्वतःचा टोकन नंबर घालतो आणि वहीत नोंद करतो. उत्तर त्याच टोकनवर आलं की वही बघून ३ नंबरला पोचवतो. या युक्तीला ‘नॅट’ म्हणतात आणि टोकनला ‘पोर्ट नंबर’. पोर्ट १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ टोकनं. घरासाठी रगड झाली.

ही युक्ती काही हौसेखातर आलेली नाही. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे एकूण सुमारे ४२९ कोटी. जगाला ते पुरणार नाहीत हे दिसल्यावर १९९४ मध्ये नॅटची कल्पना मांडली गेली. जागतिक साठ्यातले शेवटचे मोठे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. इंटरनेट तरीही चालत राहिलं, त्यात या वॉचमनचा मोठा वाटा आहे. (आता आयपीव्ही६ मध्ये १२८ बिटांचे पत्ते आलेत, तो वेगळ्या लेखाचा विषय.)

शिवाय एक फायदा फुकटात मिळतो. ज्याची वहीत नोंद नाही असा बाहेरचा माणूस आला, की वॉचमन त्याला परत पाठवतो. पण वॉचमनच्या केबिनची किल्लीच दारात लटकत असेल तर? डब्याचा पासवर्ड ‘अ‍ॅडमिन’ असाच ठेवणं म्हणजे नेमकं तेच. आधी तो बदला!

स्विच : मागची चार भोकं

मागचे चार पोर्ट म्हणजे साधा स्विच. पाचवा संगणक आला तर बाजारातून आणखी एक स्विच आणून एका पोर्टला लावायचा, झालं. केबल १०० मीटरपर्यंत चालते. घर काही तेवढं लांब नसतं. केबल स्वतः क्रिम्प करणार असाल तर रंगांचा क्रम पाठ करा : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी ३ आणि ६ वर फाकलेली दिसते, ती चूक नाही, तशीच हवी. ‘सरळ सरळ जोड्या लावल्या, दिसायला छान’ असं करणाऱ्याची केबल टेस्टरवर पास होते आणि प्रत्यक्षात रडते, कारण पिळाची जोडी तुटल्यामुळे एका सिग्नलचा आवाज दुसऱ्यात शिरतो.

आता मूळ मुद्दा : भांडण कशावरून?

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी नाहूरच्या घरून ऑनलाइन वर्ग घेत होतो. तोपर्यंत डब्याला अँटेना फुटले होते, पण लाईन तीच तांब्याची. माझा लॅपटॉप वायरने जोडलेला, डाउनलोडचा वेग उत्तम, तरी ठरावीक वेळी पोरं ओरडायची, ‘सर, आवाज तुटतोय!’ शोध घेतला तेव्हा कळलं, की घरातला एक मोबाईल चार्जिंगला लावला की आपोआप फोटोंचा बॅकअप पाठवायला लागायचा. कोणीही काहीही ‘डाउनलोड’ करत नव्हतं. भरली होती ती अपलोडची गल्ली.

गणित बघा. अपलोड २५६ केबीपीएस धरा. डब्यात बाहेर जाणाऱ्या पाकिटांची रांग असते. समजा रांगेत ६४ किलोबाइट माल साचला. ६४ गुणिले ८ म्हणजे ५१२ किलोबिट, भागिले २५६, म्हणजे तब्बल २ सेकंद! माझ्या आवाजाचं प्रत्येक पाकीट फोटोंच्या मागे दोन सेकंद उभं. आणि गंमत म्हणजे डाउनलोडही रखडतं. कारण डाउनलोड करताना प्रत्येक थोड्या मालामागे ‘मिळालं’ अशी पोच पाठवावी लागते. ती पोचही त्याच रांगेत अडकते. पोच नाही म्हणून समोरचा सर्व्हर पुढचा माल पाठवायला थांबतो. घरातले म्हणतात, ‘नेट स्लो झालंय!’

त्या काळात किती तरी ठिकाणी पेपर लिहून त्याचे फोटो वेळेत अपलोड करायचे होते. १० एमबीची पीडीएफ या वेगाने रस्ता पूर्ण मोकळा असेल तरी पाच मिनिटांहून जास्त घेते. त्यात शेजारी बॅकअप चालू असेल तर? वर्षभराचा अभ्यास एका रांगेत अडकला म्हणायचा!

म्हणून सांगतो, हा डबा नेट वाढवत नाही, फक्त वाटतो. आणि वाटायचं असतं ते दोन गल्ल्यांचं. उपाय साधे आहेत. बॅकअप रात्री ठेवा. राऊटरमध्ये ‘बँडविड्थ कंट्रोल’ किंवा ‘क्यूओएस’ असेल तर अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर बांधा, म्हणजे लांब रांग साचतच नाही. आणि परीक्षेचा संगणक वायरवरच ठेवा. वायरने रांग संपत नाही, पण निदान भिंतींचा आणि शेजाऱ्यांच्या वायफायचा त्रास तरी वजा होतो.

दिवे वाचायला शिका

कस्टमर केअरला फोन लावण्याआधी एवढं करा. ‘डीएसएल’चा दिवा लुकलुकतोय? दोष तारेत किंवा स्प्लिटरमध्ये. डीएसएल स्थिर, पण ‘इंटरनेट’चा बंद? युजरनेम-पासवर्ड तपासा. दोन्ही ठीक, पण ‘लॅन’चा बंद? केबल बघा. सगळे दिवे छान, तरी पान उघडत नाही? मग १९२.१६८.१.१ ला पिंग करा. उत्तर आलं तर बाहेरच्या एखाद्या आयपीला करा. तिथूनही आलं आणि नावाने मात्र साइट उघडत नसेल, तर दोष डीएनएसचा. पाच मिनिटांत निदान!

आता बऱ्याच घरांत तांब्याच्या जागी फायबर आलंय. तिथे मोडेमचं काम ओएनटी करतो. म्हणजे तिघांपैकी एक भाडेकरू बदलला. वॉचमन आणि चार भोकं तिथेच आहेत.

हॉस्टेलवाल्यांसाठी खास सूचना

घरचा जुना डबा हॉस्टेलवर आणून ‘स्विच म्हणून वापरू’ हा विचार प्रत्येक बॅचमध्ये कुणाला तरी सुचतोच. थांबा! तो लॅन पोर्टने भिंतीच्या सॉकेटला जोडलात, तर त्यातला डीएचसीपी अख्ख्या मजल्याला पत्ते वाटायला लागतो. आता एका गेटवर दोन वॉचमन. ज्याला खोट्या वॉचमनचा नंबर मिळाला त्याचं नेट गुल, आणि सिस्टिम अ‍ॅडमिन खोल्या हुडकत फिरतायत. जोडायचाच असेल तर आधी परवानगी घ्या, मग त्यातला डीएचसीपी बंद करा आणि त्याचा स्वतःचा पत्ताही बदला. मग तो डबा खरोखरच गरीब स्विच होऊन राहतो.

तेव्हा मंडळी, सुट्टीत घरी गेलात आणि ‘तू इंजिनीअर ना, बघ जरा नेटला काय झालंय’ असं आईने म्हटलं, की डबा बंद करून चालू करण्याआधी एकदा दिवे बघा. आणि धाकट्या भावाला बोल लावण्याआधी विचारा, ‘अपलोड कोण करतंय?’