पिवळ्याचं पोट हिरवा भरतो

नर्सरीत पट्टेरी युक्का दिसला की नजर आधी पानांच्या पिवळ्या कडांवर जाते. मी मात्र मधला हिरवा पट्टा बघते. तो रुंद आणि गडद असेल तरच रोप घरी आणते. पिवळ्या भागात हरितद्रव्य अगदीच कमी. उन्हातून अन्न करण्याचं काम हिरव्याचं, आणि पिवळा त्याच्या कमाईवर जगतो. म्हणून हे झाड साध्या हिरव्या युक्कापेक्षा सावकाश वाढतं. त्याला घाई करू नये. युरियाचा मारा तर नकोच.

ऊन त्याला भरपूर लागतं. पण नर्सरीच्या हिरव्या जाळीखाली वाढलेलं रोप एप्रिलमध्ये थेट गच्चीवर ठेवलं, तर पिवळ्या कडा करपतात आणि तो डाग पुसला जात नाही. आधी सकाळचं कोवळं ऊन द्यावं, मग हळूहळू वाढवावं.

पुण्यात माझ्या गच्चीवर खरी कसोटी असते ती पावसाळ्यात. युक्का मूळचा अमेरिका खंडातला. त्याच्या कितीतरी जाती कोरड्या, रेताड जमिनीत वाढतात. मुळांशी पाणी साचलं की बुंधा आतून मऊ पडतो, आणि ते हाताला लागेपर्यंत वेळ गेलेली असते. म्हणून कुंडीत काळी माती नको. लाल माती, जाड वाळू, विटांचे बारीक तुकडे आणि थोडं मुरलेलं शेणखत पुरतं. जूनच्या आधी खालची ताटली काढून कुंडी दोन विटांवर चढवावी. एरवी वरची माती चांगली सुकल्यावरच पाणी द्यावं.

फुलोरा आला तर देखणा असतो, पांढऱ्या घंटांचा. बी मात्र आपल्याकडे सहसा धरत नाही. अमेरिकेत युक्काचं परागण एक छोटा पतंग करतो. मादी परागाचा गोळा स्वतः उचलून दुसऱ्या फुलात नेते, तिथे अंडी घालते आणि पराग स्त्रीकेसराच्या टोकावर दाबून बसवते. तिच्या अळ्या थोडं बी खातात, उरलेलं झाडाला मिळतं. इतका जिवाभावाचा व्यवहार वनस्पतिजगात विरळाच! तो पतंग आपल्याकडे नाही. शिवाय बियांतून पट्टे उतरतील याचा भरवसा नसतो. म्हणून नवं रोप करायचं ते बुंध्याशी आलेल्या पिलांपासून. पीलही दोन्ही रंगांचं निवडा. निव्वळ पिवळं पील आईपासून तोडलं की उपाशी मरतं.

कधी पट्टेरी झाडावर पूर्ण हिरवा कोंब फुटतो. तो जोमदार असतो, बघता बघता साऱ्या झाडावर मात करतो. दिसताक्षणी बुडापासून छाटा. तो फेकू नका. काप दोन-तीन दिवस सावलीत सुकवून कुंपणाकडेला लावा. पानांची टोकं अणकुचीदार असतील, तर पोरांच्या खेळण्याच्या वाटेपासून लांब.