‘मिसइन्फर्मेशन’ की ‘डिसइन्फर्मेशन’?

लसीविषयीच्या इंग्रजी बातम्यांत हे दोन शब्द वारंवार येतात, पण त्यांचा अर्थ एक नाही. ‘मिसइन्फर्मेशन’ म्हणजे चुकीची माहिती, जी पसरवणाऱ्याला खरीच वाटत असते. काळजीपोटी मेसेज फॉरवर्ड करणारी मावशी यात येते. ‘डिसइन्फर्मेशन’ मात्र जाणूनबुजून पसरवलेले असत्य.

१९९८ साली अँड्र्यू वेकफिल्ड यांनी ‘लॅन्सेट’मध्ये अवघ्या १२ मुलांवरून एमएमआर लसीचा संबंध ऑटिझमशी सुचवला. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ने तो लेख मागे घेतला. याला ‘रिट्रॅक्टेड’ म्हणतात. भीती मात्र मागे घेता आली नाही!

लस टाळणारा प्रत्येकजण ‘अँटी-व्हॅक्सर’ नसतो. अनेकजण ‘हेझिटंट’, म्हणजे कचरणारे असतात. त्यांना नेमकी कशाची भीती वाटते, सुईची, तापाची की सरकारची, हे आधी विचारा.