तणाचे बिऱ्हाड कुठे असते?

कवठे महांकाळच्या परिसरात घरामागची बाग ही हौसेची गोष्ट असली, तरी तिचा जमाखर्च पाण्याचा असतो. हा पर्जन्यछायेतला मुलूख. अग्रणी ही इथली नदी, तीही पावसाच्या भरवशावरची. म्हैसाळ योजनेने कृष्णेचे पाणी या बाजूला चढवून आणले आणि द्राक्षबागांना आधार मिळाला, हे खरे. परंतु घरामागच्या दोन वाफ्यांच्या वाट्याला येते ते बहुधा अंघोळीचे आणि भांडी विसळलेले पाणी. अशी जपून नेलेली बादली मिरचीच्या बुडाशी ओतावी आणि ती प्यावी लव्हाळ्याने, याचा राग कसा येतो हे ज्याच्या घरी परसबाग आहे त्याला सांगायला नको. ‘तण खाई धन’ असे शेतकरी म्हणतो. आमच्याकडे ते आधी पाणी पिते आणि मग धनाकडे वळते.

आता तण काढत नाही असे घर नाही. रविवारी सकाळी खुरपे घेऊन बसायचे, दोन घमेली गवत काढायचे, कंबर धरून उठायचे. आणि पुढच्या रविवारी पाहावे तो वाफा पुन्हा हिरवा! मग आपण म्हणतो, हे तण फार चिवट. चिवट आहेच. पण अनुभवाने मी अशा निष्कर्षाला आलो आहे की, त्यातला निम्मा चिवटपणा तणाचा असतो आणि निम्मा दोष आपल्या घाईचा. प्रत्येक तण आपली ठेव कुठेतरी सांभाळून ठेवते. ती कुठे आहे हे न पाहता घाव घातला तर तण मरत नाही. उलट पुष्कळदा वाढते.

मी भाषा शिकवणारा माणूस, वनस्पतिशास्त्र माझा विषय नव्हे. तेव्हा हे ज्ञान मला पुस्तकातून नव्हे, फजितीतून झाले. आमच्या परसात दोन कोपऱ्यांत लव्हाळा होता. फार नाही, सुपाएवढी दोन बेटे. ती एकदाची निकालात काढावीत म्हणून शेजाऱ्यांचा पॉवर टिलर आणला आणि सगळा वाफा आडवा-उभा फिरवून घेतला. माती काय सुरेख झाली! रव्यासारखी. मृगाचा पाऊस पडला, मी कांद्याचे बी टाकले, आणि आठव्या दिवशी वाफाभर हिरवे कोंब वर आले. मी आईला मोठ्या अभिमानाने सांगितले, “कांदा उगवला बघ.” आई दारातूनच म्हणाली, “कांद्याच्या पातीला असली चकाकी कधी पाहिलीस का रे?”

तो कांदा नव्हता. दोन कोपऱ्यांतला लव्हाळा मी माझ्या हाताने वाफाभर पेरला होता.

पुढे भांगलणीला एक आजी आल्या. मी खुरप्याने वरवर लव्हाळा उडवीत होतो, तो त्यांनी पाहिला आणि म्हणाल्या, “सर, वरनं कापून काय हुतंय? ह्येचं बिऱ्हाड खाली हाय.” त्यांनी वीतभर खोल उकरले आणि एक तंतू अलगद वर काढला. जपमाळेत मणी ओवावेत तशा काळसर गाठी त्या तंतूत ओवलेल्या होत्या. हे लव्हाळ्याचे बिऱ्हाड.

आमच्या वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांनी पुढचे समजावून सांगितले. या माळेतली टोकाची गाठ जागी असते आणि बाकीच्यांना ती दाबून ठेवते. घरात थोरला बोलत असला की धाकटे गप्प बसतात, तसे. टिलरने माळ तुटली की प्रत्येक गाठ स्वतंत्र होते आणि सगळ्याच बोलू लागतात! लव्हाळा हे खरे गवतही नव्हे. त्याची फुलोऱ्याची काडी दोन बोटांत फिरवून पाहा, तिला तीन कडा लागतात. गवताची काडी गोल लागते. वनस्पतिशास्त्रात त्याचे नाव सायपेरस रोटंडस. जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांमध्ये त्याची गणना पहिल्या क्रमांकाने केली जाते. आपल्याकडे त्याच्याशी झुंज जुनीच आहे. रानडे आणि बर्न्स या दोन अभ्यासकांनी त्याच्या निर्मूलनावर १९२५ साली एक दीर्घ शास्त्रीय प्रबंध प्रसिद्ध केला होता. गंमत अशी की, याच्याच सुवासिक गाठी नागरमोथा म्हणून वाण्याकडे मिळतात आणि दिवाळीच्या उटण्यात पडतात. नम्रपणाने तगून राहण्याचा दाखला देताना तुकोबांनीही नाव घेतले ते लव्हाळ्याचेच.

मग याला घालवायचे कसे? दोन वाटा आहेत, आणि दोन्ही चालाव्या लागतात.

पहिली वाट उन्हाची. पाडव्यापासून अक्षय्यतृतीयेपर्यंत आपल्याला जवळजवळ एक महिना मिळतो. या दिवसांत वाफ्याला पाणी देणे बंद करावे. कुदळीने टीचभर नव्हे, चांगली वीत-दीड वीत माती उकरावी, ढेकळे फोडावीत, वाळूच्या चाळणीने चाळून गाठी वेचाव्यात आणि पत्र्यावर पंधरा दिवस कडक उन्हात टाकाव्यात. गाठीतला ओलावा गेला की ती मेली. मात्र या गाठी खताच्या खड्ड्यात टाकू नयेत. तेथे त्यांना ओल आणि अन्न दोन्ही मिळते, आणि पुढच्या वर्षी खताबरोबर त्या परत घरी येतात.

दुसरी वाट उपासमारीची. कितीही वेचल्या तरी काही गाठी राहतातच. पाऊस पडला की त्या कोंब काढतात. सुरुवातीला हा कोंब गाठीतले भांडवल मोडून खात असतो. पाने वाढली की तो कमावू लागतो, आणि साधारण तीन-चार आठवड्यांत नव्या गाठी धरू लागतो. म्हणून कमाई सुरू होण्याच्या आत, म्हणजे दर दहा-बारा दिवसांनी, खुरप्याचे टोक मातीत घालून कोंब तोडायचा. प्रत्येक वेळी गाठीला नव्याने भांडवल काढावे लागते, आणि शेवटी ती रिकामी होते. एक महिनाभर उत्साहाने खुरपून पुढे पंधरवडा चुकवला की केलेले श्रम वाया जातात, कारण तेवढ्यात नवी ठेव जमा होते. येथे जोरापेक्षा तिथीवार मोठा.

आणखी एक. लव्हाळ्याला सावली सोसत नाही. ज्या कोपऱ्यात त्याचा जोर असेल तेथे भोपळा, दुधी, रताळी किंवा चवळी असे जमीन झाकणारे पीक घ्यावे. अक्षय्यतृतीयेला आळे करून वेलाचे बी लावण्याची आपली रीत आहेच. ती येथे फार उपयोगी पडते. पातळ प्लास्टिक अंथरून मात्र फसू नका. लव्हाळ्याचा कोंब सुईसारखा टोकदार असतो, तो प्लास्टिक भोसकून वर येतो.

दुसरे तण हरळी. गणपतीला वाहतो ती दूर्वा हीच. देव्हाऱ्यात एकवीस जुड्या आणि परसात डोकेदुखी! हिचे बिऱ्हाड गाठीत नसते, पेरात असते. जमिनीवर धावणारी फांदी आणि जमिनीखाली धावणारे खोड, या दोहोंनाही थोड्याथोड्या अंतरावर पेरे असतात, आणि ओल मिळाली तर एकेक पेर मूळ धरते. तेव्हा हरळीचे खुरप्याने तुकडे करणे म्हणजे उसाच्या कांड्या लावण्यासारखेच. ती सुट्या दोरीसारखी माग काढीत उपसावी लागते. यासाठीही वैशाखातले ऊन हेच औषध. खणून मुळे वर काढली आणि पाणी दिले नाही, तर ती वाळतात.

उन्हाचा आणखी एक उपयोग आहे. वाफा खणून सारखा करावा, एकदा भरपूर ओलवावा आणि त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीने दाबाव्यात. चार ते सहा आठवडे तसेच ठेवावे. आत माती इतकी तापते की, वरच्या थरातले तणाचे पुष्कळसे बी मरते आणि हरळीचे उथळ तुकडेही उकडून निघतात. इस्राएलमधील संशोधकांनी १९७६ साली ही रीत प्रसिद्ध केली, ती मुळात जमिनीतल्या रोगजंतूंसाठी. आपल्या भागात एप्रिल-मेच्या उन्हाची वाण नाही. फक्त खोलवरच्या लव्हाळ्याला याने पुरता धक्का बसत नाही, हे ध्यानात असावे. आणि हो, दूर्वांसाठी एक जुने घमेले राखून ठेवावे. हरळीला घरात जागा द्यायचीच, तर ती घमेल्यात.

तिसरे तण गाजरगवत. त्याची पाने गाजरासारखी, म्हणून हे नाव. कोणी काँग्रेस गवत म्हणतात, कोणी चटकचांदणी. मेक्सिको आणि त्याच्या आसपासच्या अमेरिका खंडातले हे तण. पुण्यात ते आढळल्याची नोंद राव यांनी १९५६ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ‘भारतातील नवे तण’ अशा अर्थाने प्रसिद्ध केली. परदेशातून आलेल्या धान्याबरोबर ते आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्यानंतर ते देशभर पसरले. आमच्याकडे महामार्गाच्या कडेला, पडीक जागेत आणि उकिरड्यावर ते पाहावे तेवढे आहे.

याचे बिऱ्हाड बियांत. एक चांगले वाढलेले झाड दहा-पंधरा हजार बी सहज टाकते. उगवल्यापासून सव्वा-दीड महिन्यात त्याला पांढरी फुले येऊ लागतात. तेव्हा येथे सारा खेळ फूल येण्याच्या आधीचा. पाऊस पडून माती मऊ झाली की मुळासकट उपटावे. वरून कापले तर ते बुडातून पुन्हा फुटते. फूल येण्यापूर्वी उपटलेले गाजरगवत खताच्या खड्ड्यात चालते; फुलावर आलेले चालत नाही.

पण हात लावण्यापूर्वी एक कळकळीची सूचना. माझी आई वर्षानुवर्षे हे गवत उघड्या हातांनी उपटत असे. कधी काही झाले नाही. एका श्रावणात तिच्या हातांवर, मानेवर आणि पापण्यांवर पुरळ उठले. खाजेने रात्र रात्र झोप नाही. डॉक्टरांनी सांगितले, हे गाजरगवताचे. त्यातले पार्थेनिन नावाचे द्रव्य वारंवार अंगाला लागून शरीर एकदा बिथरले की पुढे थोडासा स्पर्शही पुरतो. इतकी वर्षे काही झाले नाही, हा पुढे काही न होण्याचा दाखला नव्हे. त्याच्या परागांनी कित्येकांना शिंका आणि दमाही होतो. म्हणून हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, नाका-तोंडावर रुमाल, आणि काम झाल्यावर साबणाने हात-पाय धुणे, एवढे केल्याशिवाय वाफ्यात उतरू नये. लहान मुलांना या कामाला लावू नये.

गाजरगवत खाणारा एक मेक्सिकन भुंगेरा १९८४ साली बंगळूरच्या परिसरात सोडण्यात आला, आणि पावसाळ्यात तो त्याची पाने फस्त करताना दिसतो. हिवाळा-उन्हाळ्यात मात्र तो जमिनीत दडून राहतो. तेव्हा त्याला मदतनीस समजावे, सालगडी नव्हे. कुंपणाच्या कडेला पावसाच्या तोंडावर टाकळ्याचे बी टाकले किंवा झेंडूची दाट ओळ लावली, तर गाजरगवताला जागा उरत नाही. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने १६ ते २२ ऑगस्ट हा गाजरगवत जागृती सप्ताह पाळला जातो. आपण निदान त्या आठवड्यात आपल्या घराभोवतीची आणि समोरच्या गटाराकडेची जागा साफ करावी. कारण बी कुंपण पाहून थांबत नाही.

आता कोणी विचारील, एवढा खटाटोप कशाला? फवारा मारला की झाले! शेताचा विचार वेगळा. तेथे जाणकाराच्या सल्ल्याने, मापाने औषध वापरावे. परंतु ज्या वाफ्यातली कोथिंबीर आपण सकाळी तोडून दुपारी आमटीत घालतो, तेथे तणनाशक कशाला? शिवाय आपल्या भागात द्राक्षबागा घरांना लागून आहेत. टू-फोर-डी या तणनाशकाला द्राक्षवेल अतिशय नाजूक. वाऱ्याने उडालेल्या थोड्याशा तुषारांनीही वेलीची पाने आकसतात आणि शेजाऱ्याचा हंगाम धोक्यात येतो. काही जण मीठ ओततात. त्याने तण मरते, पण मातीही मरते. आणि आधीच कमी पावसाच्या जमिनीतून ते मीठ धुऊन जायला वर्षे लागतात.

शेवटी दाराशी पहारा ठेवावा. अर्धे कच्चे शेणखत, रोपवाटिकेतून आणलेली कुंडी आणि रस्त्याकडेची भरावाची माती, या तीन वाटांनी नवे तण घरात येते. शेणखत पुरते कुजलेले घ्यावे. कुंडीतले रोप लावण्यापूर्वी मुळांभोवतीची माती हातावर मोकळी करून पाहावी. तीत एखादी काळी गाठ दिसली तर ती तेथेच वेगळी करावी. दोन मिनिटांचे काम, पण ते दोन वर्षांची भांगलण वाचवते.

आमच्या वाफ्यावर तीन पावसाळे गेले. लव्हाळा संपला असे मी म्हणणार नाही. पण पूर्वी दोन घमेली निघायचा, तो आता मुठीत मावतो, आणि बादलीतले पाणी बहुतांशी मिरचीच्या मुळाशी जाते. आईने वाफ्यात उतरणे सोडले आहे. ती पायरीवर बसते, मी खुरपे घेऊन वाफ्यात, आणि मी उठायला लागलो की ती बोट दाखवते, “तो बघ, वांग्याच्या मागं अजून एक आहे.”