नोंदवहीतली तक्रार

पुणे जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटियर १८८५ साली छापले गेले. जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम डोंगरातल्या महादेव कोळ्यांच्या बंडांची हकीकत त्यात आहे. जांभोरीचा होनाजी केंगले, गॅझेटियरच्या भाषेत 'होन्या', १८७३ पासून सावकारांच्या घरांवर चालून जाऊ लागला. काही सावकारांची नाके कापली गेली. होनाजीवर हजार रुपयांचे आणि त्याच्या साथीदारांवर दोनशेपासून सहाशेपर्यंत इनाम लागले. १८७६ मध्ये मेजर डॅनियलने त्याला पकडले. हाच डॅनियल पुढे तीन वर्षांनी वासुदेव बळवंत फडक्यांच्या मागावर होता. इनामाचा आकडा रुपयात मिळतो, पकडणाऱ्याचे नाव हुद्द्यासकट मिळते. पण बंडावर उठण्याआधी या माणसांनी सावकाराविरुद्ध कुठे अर्ज केला होता का, केला असेल तर त्याचे काय झाले, याची एकही ओळ मला त्या हकीकतीत सापडली नाही.

मी शिकलेला इतिहाससंशोधक नाही. बारावीनंतर शिक्षण सुटले आणि घोडेगावच्या कोर्टाजवळ टायपिंगचे, पुढे झेरॉक्सचे दुकान टाकले. पंचवीस वर्षे लोकांची प्रतिज्ञापत्रे टाईप करता करता सरकारी कागद वाचायची सवय लागली. होनाजीच्या मागे लागून पुण्या-मुंबईच्या अभिलेखागारांत फेऱ्या मारल्या. मग एक दिवस लक्षात आले, की दीडशे वर्षांपूर्वीच्या तक्रारी शोधत बसलेल्या मला माझ्याच गावच्या पोलीस ठाण्यात लोकांच्या तक्रारी कोणत्या वहीत लिहितात तेही ठाऊक नाही. हा लेख त्या वह्यांविषयी आणि त्या मिळवण्याच्या कायद्याविषयी आहे.

निमित्त ठरल्या एक मावशी. आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका वाडीवर त्यांची भाताची दोन खाचरे आहेत. नवरा जाऊन बरीच वर्षे झाली. शेजारची खाचरे दिराच्या मुलाची. बांध हळूहळू सरकत गेला आणि एक दिवस पुतण्याने दिवाणी कोर्टात सांगितले, की ही जमीन बारा वर्षांहून अधिक काळ उघडपणे माझ्या ताब्यात आहे आणि काकूने कधी हरकत घेतलेली नाही. मावशी दुकानात येऊन म्हणाल्या, "भाऊ, म्या तीनदा गेले व्हते ठाण्यात. तिन्ही टायमाला सायबानं लिहून घेतलंय." कागद? एक चिठ्ठी मिळाली होती, ती गळक्या घरात लगदा होऊन गेली. सालेही त्यांना आकड्यात सांगता येईनात. धाकटीच्या लग्नाचे साल, म्हैस मेली ते साल, आणि करोनाच्या पुढचे साल. त्यावरून आम्ही २००७, २०१३ आणि २०२१ असा हिशेब लावला.

वकिलांचे मत सावध होते. पोलिसांत नुसती तक्रार दिल्याने बारा वर्षांची मुदत तुटत नाही. पण 'कधी हरकतच नव्हती' हे विधान तरी खोटे पडेल. कागद आणा, म्हणाले.

माहितीचा अधिकार महाराष्ट्राला नवा नव्हता. अण्णा हजारे यांच्या आंदोलनांनंतर राज्याचा स्वतःचा कायदा २००२ पासून लागू होता आणि केंद्राचा सध्याचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून आला. जोडपत्र 'अ' मधला अर्ज, दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांत उत्तर, प्रतीला पानामागे दोन रुपये. इतके मला दुकानामुळे पाठ होते. म्हणून मोठ्या आत्मविश्वासाने मी माझ्या नावाने अर्ज केला: 'सदर महिलेच्या तक्रारींवर कारवाई का झाली नाही, याची माहिती मिळावी.'

या एका वाक्यात दोन चुका होत्या.

पहिली चूक 'का'. कायद्यातली माहिती म्हणजे कार्यालयात अस्तित्वात असलेली नोंद, कागद, आदेश, नमुना. अधिकाऱ्याच्या मनातले कारण ही माहिती नव्हे. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये डॉ. सेल्सा पिंटो यांच्या प्रकरणात हे स्पष्ट केले: 'का केले' किंवा 'का केले नाही' याचे उत्तर म्हणजे माहिती नव्हे. तेव्हापासून सरकारी कार्यालयांना एक तयार वाक्यच मिळाले आहे, 'आपली मागणी प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने...' मलाही तेच आले. राग आला, पण निकाल वाचल्यावर पटले. कारण कुठे लिहिलेले असेल तर तो कागद मागावा. लिहिलेले नसेल तर तसे लेखी येऊ द्यावे. कित्येकदा तेच जास्त कामाचे ठरते.

दुसरी चूक अर्जदाराचे नाव. मी त्रयस्थ. मावशींची तक्रार ही माझ्या दृष्टीने दुसऱ्याची वैयक्तिक माहिती, म्हणून कलम ८(१)(ञ). हेच मावशींनी स्वतः मागितले असते तर त्यांच्यापासून त्यांचीच तक्रार कोण लपवणार? शिवाय त्यांच्याकडे दारिद्र्यरेषेचा दाखला होता, म्हणजे फीही लागली नसती. दुसरा अर्ज त्यांच्या अंगठ्याने गेला.

या (ञ) कलमाबद्दल संशोधकांनी सावध राहावे असे मला वाटते. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती दिल्याने खासगीपणावर विनाकारण घाला येतो, असे दाखवावे लागे. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, अशी पुस्तीही होती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने हे सगळे काढून टाकले आणि २०२५ च्या नोव्हेंबरात ती दुरुस्ती अमलात आली. आता 'वैयक्तिक माहिती' एवढे दोनच शब्द उरले आहेत. पोलीस ठाण्यातल्या जवळजवळ प्रत्येक कागदावर कुणाचे तरी नाव असते. मोठ्या सार्वजनिक हितासाठी माहिती देता येते असे सांगणारे कलम ८(२) शाबूत आहे. पण ते हित दाखवण्याचे ओझे व्यवहारात अर्जदारावर येऊन पडते. ज्याची तक्रार त्यानेच अर्ज करावा, हा धडा त्यामुळे अधिकच पक्का झाला.

आता वह्यांकडे येतो. ठाण्यात गेलेल्या माणसाला 'लिहून घेतले' एवढेच कळते. कुठे लिहिले यावर पुढचे सारे अवलंबून असते. दखलपात्र गुन्हा असेल तर प्रथम खबर, म्हणजे एफआयआर. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १५४. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १७३. तिची प्रत फिर्यादीला विनामूल्य द्यायचीच असते, त्यासाठी माहिती अधिकार लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ सप्टेंबर २०१६ च्या निकालानंतर, संवेदनशील प्रकरणे वगळता, एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकाव्या लागतात आणि त्या कुणालाही पाहता येतात. तपासात काही निष्पन्न झाले नाही, तर आपल्याकडे अ, ब किंवा क समरी पाठवतात: गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही ती 'अ', खोटी फिर्याद ती 'ब', आणि खरी-खोटी यांच्या मधली, गैरसमजातून आलेली किंवा दिवाणी स्वरूपाची ती 'क'. समरीचा निर्णय न्यायदंडाधिकाऱ्यापुढे होतो, म्हणून तिची नक्कल कोर्टातून काढणे सोपे.

पण खेड्यातली बहुसंख्य भांडणे एफआयआरपर्यंत पोचतच नाहीत, हे मी दुकानात बसून पाहिले आहे. बांध, पाणी, शिवीगाळ, धक्काबुक्की. यांची नोंद अदखलपात्र म्हणून होते. लोक तिला 'एनसी' म्हणतात. तिची स्वतंत्र वही असते. लेखी अर्ज दिला तर तो अर्ज चौकशीच्या नोंदवहीत जातो, हवालदार दोघांचे जबाब घेतो आणि शेवटी अर्जदाराला समजपत्र मिळते: वाद दिवाणी स्वरूपाचा आहे, योग्य त्या न्यायालयात दाद मागावी. नुसते तोंडी सांगून आलात तरी ठाणे दैनंदिनीत वेळ आणि अनुक्रमांकासह एखादी ओळ असू शकते. दैनंदिनी चोवीस तास चालते. ठाण्याचे सगळे दप्तर एका बाजूला आणि ही वही एका बाजूला, असे एका निवृत्त फौजदारांनी मला सांगितले होते.

दुसऱ्या अर्जात म्हणून एकही प्रश्न नव्हता. अमुक तीन वर्षांच्या अमुक महिन्यांतली अदखलपात्र नोंदवही, अर्ज चौकशी नोंदवही आणि ठाणे दैनंदिनी यांतल्या मावशींच्या नावच्या नोंदींच्या साक्षांकित प्रती, चौकशीत घेतलेले जबाब, समजपत्राची स्थळप्रत. शेवटी एक ओळ: नोंदी शोधणे अवघड असल्यास कलम २(ञ) प्रमाणे नोंदवह्यांची प्रत्यक्ष पाहणी करू द्यावी. राज्याच्या नियमांत एका अर्जाला एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे. माझ्यासारख्या पाल्हाळिकाला ती शिस्त चांगलीच उपयोगी पडली.

अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तर आले. २०१३ ची एनसी सापडली. चार ओळी: बांध फोडल्यावरून शिवीगाळ, तारीख, वेळ, मावशींचा अंगठा. २०२१ बाबत मात्र नकार. 'चौकशी प्रलंबित असल्याने कलम ८(१)(ज) अन्वये माहिती देता येत नाही.'

हे कलम पोलीस ठाण्यांचे हुकमी पान आहे. त्याचे शब्द मात्र नीट वाचावेत. तपास चालू आहे म्हणून माहिती बंद, असे ते म्हणत नाही. ती दिल्याने तपासात, आरोपीला पकडण्यात किंवा खटल्यात अडथळा येत असेल तर बंद, असे म्हणते. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये भगतसिंग यांच्या प्रकरणात हा फरक करून दिला. प्रकरण प्राप्तिकर खात्याकडच्या माहितीचे होते, पण तत्त्व सगळीकडे चालते: अडथळा कसा येईल हे अधिकाऱ्याने दाखवायचे. आमच्या बाबतीत तर चौकशीच संपलेली होती. समजपत्र दिल्याची नोंद आवक-जावकात असणारच, आणि समजपत्र हा चौकशीचा शेवट. पहिल्या अपिलात, वीस रुपयांच्या स्टॅम्पावर, एवढेच दोन मुद्दे लिहिले. उपविभागीय अधिकाऱ्यांनी दहा मिनिटे ऐकले, ठाण्यातून आलेल्या हवालदाराला विचारले, "समजपत्र दिलंय ना? मग प्रलंबित काय आहे?" पुतण्याच्या जबाबाबाबत त्रयस्थ म्हणून त्याचे म्हणणे मागवले गेले होते, त्याने नकार दिला होता. चौकशी ज्यांच्या अर्जावर झाली त्यांना ती पाहण्याचा हक्क आहे, असे म्हणून प्रती द्यायचा आदेश झाला. सगळेच अधिकारी खलनायक असतात असे मानणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहिले.

पाच पाने मिळाली. त्यातल्या पुतण्याच्या जबाबात एक वाक्य आहे: यंदा पेरणीआधी मी बांध सरळ करून घेतला. यंदा, म्हणजे २०२१. बारा वर्षांच्या उघड ताब्याचा दावा करणाऱ्याच्या सहीखालचे हे वाक्य हवालदाराने कंटाळत लिहून घेतले असेल. वकिलांनी ते दोनदा वाचले आणि चष्मा काढून ठेवला.

अशा कामात भीती नसते असे नाही. आपल्याच जिल्ह्यात तळेगाव दाभाडे इथे जमीन व्यवहारांची माहिती मागणारे सतीश शेट्टी यांचा १३ जानेवारी २०१० च्या सकाळी फिरायला गेले असताना खून झाला. तपास पुढे सीबीआयकडे गेला. बांधाच्या वादाची त्याच्याशी तुलना नाही. तरीही अर्जात नाव-पत्ता द्यावा लागतो आणि गावात बातमी आधी पोचते, हे मावशींना मी सांगितले होते. त्या म्हणाल्या, "आता या वयात काय भ्यायचं?"

राहिले २००७. उत्तर: 'सदर नोंदवही मुदतबाह्य असल्याने नाश करण्यात आली आहे.' इथे कायद्याची एक विचित्र गंमत आहे. कलम ८(३) सांगते, की वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती तीन अपवाद वगळता नाकारता येत नाही. त्या तीन अपवादांत तपासाचे कलम नाही आणि वैयक्तिक माहितीचेही नाही. म्हणजे वीस वर्षे उलटली की संशोधकाला दार उघडते. पण सरकारी दप्तराची वर्गवारी असते: 'अ' कायमचे, 'ड' वर्षभराचे, बाकीचे मधे. खून-दरोड्यांचे कागद कोर्टाच्या दप्तरातही असतात, म्हणून टिकतात. बांधाच्या भांडणाची वही एका ठाण्यात एकच, आणि ती दार उघडायच्या आधीच जाते.

नाश झाला म्हटल्यावर नाशाचाही कागद लागतो. 'सापडत नाही' हे माहिती नाकारण्याचे कारण कायद्यात कुठेच नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये विश्वास भांबुरकर यांच्या प्रकरणात म्हटले आहे. आणि महाराष्ट्राचा सार्वजनिक अभिलेख कायदाही २००५ चाच आहे. म्हणून तिसरा अर्ज केला: २००७ च्या अदखलपात्र नोंदवहीचा वर्ग, नाशाचा आदेश, नाश केलेल्या दप्तराची यादी. उत्तराचे तीस दिवस अजून भरायचे आहेत. मावशी बाजाराच्या दिवशी घोडेगावला येतात, दुकानाच्या पायरीवर बसतात आणि विचारतात, "सापडली का वही?" मी सांगतो, वही नाही, वहीची यादी मागितली आहे. त्यांना हा फरक पटत नाही. पाच पाने आणि एनसीची प्रत त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तांदळाच्या कणगीत ठेवली आहे. झेरॉक्सचा एक संच माझ्या कपाटात, होनाजीच्या टिपणांशेजारी आहे.