घरचा जोडधंदा आणि घराचा तोल

शेतीस जोडधंदा असावा, हें मत आतां सर्वमान्य झालेलें आहे. पावसाच्या लहरीवर ज्याचें वर्ष अवलंबून, त्याच्या हातीं दर दहा दिवसांनीं दुधाचें बिल पडूं लागलें म्हणजे घराला केवढा आधार होतो, तें आमच्या वाचकांस आम्हीं सांगावयास नको. परंतु जोडधंदा कसा वाढवावा याविषयीं जितकें लिहिलें जातें, त्याच्या शतांशही तो घरांत किती शिरूं द्यावा याविषयीं लिहिलें जात नाहीं. त्याच गोष्टीचा येथें विचार करावयाचा आहे; आणि घरोघरच्या अनुभवाचा म्हणून म्हशीच्या धंद्याचें उदाहरण घेतों.

बाजारपेठेंतील दुकानदार रात्रीं दुकान बंद करून घरीं जातो. घरच्या धंद्याला असें दार नाहीं. म्हैस एकादशी जाणत नाहीं, मुलीची परीक्षा जाणत नाहीं, मालकिणीचा ताप जाणत नाहीं. पहांटे व सायंकाळीं ठरल्या वेळीं धार काढलीच पाहिजे. वेळ चुकली कीं दूध घटतें, आणि कास नीट रिकामी न झाल्यास ती सुजण्याची भीति असते. धंद्याची गरज ही अशी नेहमीं आजची आणि आत्तांची असते. घराची गरज मात्र उद्यांवर ढकलतां येते. बांध पुढच्या आठवड्यांत घालूं, मुलगी आज शाळेंत गेली नाहीं तरी चालेल, पाठदुखीचें औषध बाजाराच्या दिवशीं आणूं, असें करतां करतां जो तोल जातो तो एका दिवसांत जात नाहीं, आणि म्हणूनच तो कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

तो ध्यानांत यावा कसा? आम्ही कारकुनी पेशाचे. आम्हांस वहीवांचून दुसरा उपाय सुचत नाहीं. बहुतेक घरीं दुधाचा हिशेब म्हणजे बिलाची रक्कम वजा पेंडीचें पोतें, एवढाच असतो, आणि उरलें त्यास नफा म्हणतात. या हिशेबांत शेतांतला कडबा फुकट, घरचे हात फुकट, आणि म्हैस बारमाही दूध देते, अशा तीन समजुती दडलेल्या आहेत. तीनही खोट्या आहेत.

एक नमुना मांडून पाहूं. आकडे केवळ समजुतीसाठीं घेतले आहेत. वाचकांनीं त्यांच्या जागीं आपल्या गांवचे भाव घालावे. समजा, एका म्हशीनें एका वेतांत ३०० दिवस, सरासरी ६ लिटरप्रमाणें, १,८०० लिटर दूध दिलें आणि लिटरला ५० रुपये भाव पडला, तर ९०,००० रुपये झाले. परंतु म्हैस सुमारें ३१० दिवस गाभण राहते, आणि व्याल्यावर पुन्हां फळण्यास चार महिने धरले, तर एका वेतापासून दुसऱ्या वेतापर्यंत ४३५ दिवस होतात. दूध ३०० दिवसांचें, खाणें ४३५ दिवसांचें. वैरण व आंबोण मिळून, घरचा कडबा बाजारभावानें धरून, दिवसास १५० रुपये लागले तर ६५,२५० रुपये गेले. राहिले २४,७५०. आतां धार, शेण, वैरण, पाणी व डेअरीची खेप मिळून रोज दोन तास धरले तर ८७० तासांचें काम झालें. म्हणजे तासास सुमारें २८ रुपये पडले. यांतून डॉक्टर, कर्जाचें व्याज आणि म्हशीची दरसाल उतरणारी किंमत अद्याप वजा व्हावयाची आहे. जमेच्या बाजूस शेणखत व रेडकूं आहे, तें अवश्य धरावें.

हे आकडे पाहून कोणीं म्हशी विकाव्या, असा आमचा मुळींच आशय नाहीं. एरवीं रिकाम्या जाणाऱ्या तासाला २८ रुपये मिळाले तर ते चांगलेच आहेत. निंदणीच्या ऐन दिवसांत, शेतांत बाहेरची मजूर याहून अधिक देऊन आणावी लागत असतां, घरचें माणूस गोठ्यांत अडकून पडलें, तर तेच २८ रुपये तोट्याचे होतात. खरा मुद्दा येथें आहे. पहिल्या दोन म्हशी घराचा रिकामा वेळ आणि बांधावरचें गवत खातात. पांचवी म्हैस विकतची वैरण खाते आणि मुलीची शाळा खाते. दोन म्हशींवर इतका फायदा तर सहांवर तिप्पट, असा त्रैराशिकाचा हिशेब गोठ्यांत चालत नाहीं, कारण घरांतले हात तिपटीनें वाढत नाहींत.

सात-बाराच्या 'इतर हक्क' या रकान्यांत चढलेले बोजे आम्हीं नोकरींत पुष्कळ पाहिले. विहिरीसाठीं कर्ज काढलें तर निदान विहीर तरी मागें राहते. दुधाला भाव चढलेला असतांना, भर दुधांतल्या म्हशी चढ्या किंमतीस घेऊन जें कर्ज होतें, तें म्हशी आटल्यावरही तसेंच उभें असतें. मग भाव पडतांच घाबरून त्याच म्हशी आटलेल्या स्थितींत मातीमोलानें विकल्या जातात. एका महिन्याच्या भावावर घेऊं नये आणि एका महिन्याच्या भावावर विकूंही नये. दोन वेतांचा हिशेब हातीं असल्यावांचून जमिनीवर बोजा चढवूं नये.

घरधंद्यास हद्द घालतां येते, याचा आम्हांस आवडणारा दाखला शेतीबाहेरचा, पापडाचा आहे. १९५९ च्या मार्च महिन्यांत मुंबईस गिरगांवांत सात बायकांनीं ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. तीच पुढें 'लिज्जत' संस्था झाली, आणि त्या सातांपैकीं जसवंतीबेन पोपट यांस २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. संस्थेच्या विस्तारापेक्षां तिची मांडणी आम्हांस अधिक मोलाची वाटते. पीठ शाखेंत मळलें जातें. बाई तें घरीं नेते, घरचीं कामें सांभाळून लाटते, पापड शाखेंत आणून देते व मजुरी घेते. म्हणजे घरांत धंदा येतो तो मोजून, आणि श्रमाचा पैसा पडतो तो श्रम करणारीच्या हातांत. पहिल्या पावसाळ्यांत पापड वाळेनात म्हणून त्यांनीं चार महिने काम बंद ठेविलें. दुसऱ्या वर्षीं खाटेवर पापड आणि खाटेखालीं स्टोव्ह अशी युक्ति काढली.

म्हैस पिठासारखी मोजून आणतां येत नाहीं, हें खरें. तरी घरांत शाळेबाहेरचीं, धडधाकट माणसें किती आणि आपल्या रानांतली वैरण किती, हें पाहूनच दावणीचीं दावीं मोजावीं. सर्व म्हशी एकाच हंगामांत विणार नाहींत अशी तजवीज ठेवावी, म्हणजे एकदम पूर आणि एकदम दुष्काळ होत नाहीं. म्हशीला एकाच हाताची संवय लावूं नये. शेजारच्या घराशीं धारेची अदलाबदल ठेवावी. नाहींतर घरच्या बाईला सख्ख्या भावाच्या लग्नासही एक रात्र माहेरीं राहतां येत नाहीं, आणि अशीं घरें आमच्या पाहण्यांत थोडींथोडकीं नाहींत.

आणखी एक गोष्ट. बिल फुगावें म्हणून सगळें दूध डेअरीस घालून मुलांस कोरा चहा देण्याची चाल दुभत्या घरांतच दिसते. घरचें दूध आधीं बाजूस काढावें आणि वहींत तें घरास विकलें असें डेअरीच्या भावानें जमा करावें. घर हें धंद्याचें पहिलें गिऱ्हाईक होय.

वही साधी शंभर पानी पुरे. शेत, गोठा आणि घर अशीं तीन खातीं घालावीं. गोठ्याच्या खात्यांत तासांचा एक रकाना न विसरतां आखावा. तो रकाना जिचे तास जातात तिनेंच लिहावा, घरधन्यानें अंदाजानें नव्हे. पाडव्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं. पुढचें दुधाचें बिल येईल त्याच संध्याकाळीं पहिलें पान लिहितां येईल.