जुन्या मोटारसायकलीची किक : बदली भाग कसे निवडावे व कसे बसवावे

बांधावरून, पाणंदीनें व ओढ्याकांठच्या कच्च्या वाटेनें जाण्यास जुनी हलकी मोटारसायकल शेतकऱ्यास फार सोयीची पडते. अशा पुष्कळ गाड्यांचें उत्पादन थांबून आज बरींच वर्षें झालीं आहेत. यामाहा आर. एक्स. १०० ही ९८ सी. सी.ची गाडी आपल्या देशांत १९८५ पासून १९९६ पर्यंत निघत होती. येझदी काढणारा म्हैसूरचा आयडियल जावा कारखानाहि १९९६ सालीं बंद पडला. या गाड्यांस बटन दाबून सुरू होण्याची सोय नाहीं. किक निकामी झाली कीं गाडी अडते. ऐन पेरणींत असें झालें म्हणजे मिळेल तो दांडा ठोकून बसविण्याचा मोह होतो, आणि किरकोळ नुकसानीचें मोठें नुकसान होतें तें येथेंच.

याविषयीं एक गोष्ट मनांत पक्की धरावी. किकेचा दांडा हा बाहेरचा व स्वस्त भाग होय. ज्या शाफ्टवर तो बसतो तो आंतला व महाग भाग होय. झीज व्हावयाचीच तर ती दांड्याची व्हावी, शाफ्टची होऊं नये. पुढील सर्व सूचना या एका तत्त्वावर बसविल्या आहेत.

दोष कोठें आहे तें प्रथम पाहावें. दांड्याच्या व शाफ्टच्या टोंकावरून खडूची एक सरळ रेघ ओढावी आणि हातानें किक हळू दाबावी. रेघ तुटून दांडा पुढें गेला व शाफ्ट जागींच राहिला, तर दांड्याचे आंतील दांते झिजले आहेत. दोन्ही बरोबर फिरूनहि इंजिन फिरत नसेल, तर दोष आंतील गिअरचा आहे. किक खालीं जाऊन परत येत नसेल, तर स्प्रिंग तुटली आहे किंवा तिचें टोंक निसटलें आहे.

आर. एक्स. १०० च्या शाफ्टवर तिरपे आटे असून किक मारतांच त्यांवरून एक गिअर सरकतो व दुसऱ्यास भिडतो. तो गिअर शाफ्टबरोबर नुसता फिरूं नये म्हणून त्यास एक तारेची क्लिप धरून ठेवते. ही क्लिप सैल झाली म्हणजे गिअर सरकत नाहीं व किक पोकळ जाते. म्हणून मोठा खर्च सांगणाऱ्या मिस्त्रीस आधीं क्लिप पाहण्यास सांगावें. या गाडींत गिअरऑईल काढून उजवें झाकण उघडलें कीं शाफ्ट बाहेर येतो. इंजिन दुभंगावें लागत नाहीं. हिरो होंडा सी. डी. १०० सारख्या गाड्यांत मात्र शाफ्टसाठीं इंजिनाचे दोन भाग करावे लागतात. तेथें शाफ्ट जपण्याचें महत्त्व अधिकच आहे. जुन्या बुलेटची किक गिअरबॉक्समधून व क्लचमधून इंजिनास फिरविते. म्हणून तिची किक पोकळ गेल्यास क्लच घसरत नाहीं ना, हेंहि पाहावें.

बदली भाग शोधण्यास जातांना जुना भाग बरोबर न्यावा. नुसतें गाडीचें नांव सांगून आणलेला भाग पुष्कळदां फसतो. गाडीचें सुटे भागांचें पुस्तक मिळाल्यास त्यांतील क्रमांक उतरून घ्यावा. यामाहाच्या क्रमांकांत पहिलीं तीन अक्षरें तो भाग प्रथम ज्या मॉडेलसाठीं झाला त्याचीं असतात व पुढील पांच आंकडे भागाचा प्रकार दाखवितात. ९ नें सुरू होणारे क्रमांक बोल्ट, सील, स्प्रिंग अशा सामान्य भागांचे असतात. दोन मॉडेलांच्या पुस्तकांत पूर्ण क्रमांक एकच आढळला, तर तो भाग दोहोंस निःशंक चालतो. तालुक्याच्या दुकानांतील पडून राहिलेला जुना माल, मोडीस निघालेली गाडी, व दिल्लीच्या करोल बागेसारखे मोठे बाजार, हीं शोधाचीं ठिकाणें होत.

दुसऱ्या गाडीचा दांडा बसवावयाचा असेल, तर पुढील मापें जुळलींच पाहिजेत :

१. शाफ्टचा व्यास व दांत्यांची संख्या. व्यास व्हर्निअरनें मापावा, दांते मोजावे. एका दांत्याचाहि फरक चालत नाहीं.

२. आवळण्याच्या बोल्टाची जागा. हा बोल्ट शाफ्टवरील खांचेंतून गेला पाहिजे. त्यामुळेंच दांडा निसटत नाहीं.

३. दांड्याचा बाक. दांडा झाकणास व सायलेन्सरला घासूं नये. शाफ्ट आंतील अडणीवर थांबण्यापूर्वीं दांडा फूटरेस्टवर आदळूं नये.

४. लांबी. साठ किलोचा भार २० सेंटीमीटरच्या दांड्यावर पडला तर शाफ्टवर १२ किलो-मीटर पीळ पडतो. २५ सेंटीमीटरच्या दांड्यावर तोच १५ होतो. लांब दांडा पायास हलका लागतो, परंतु शाफ्टवर सव्वापट जोर टाकतो.

येझदीची गोष्ट निराळी आहे. तींत किक व गिअर यांस एकच दांडा असल्यामुळें दुसऱ्या गाडीचा दांडा तिला चालत नाहीं.

स्प्रिंग बदलतांना तारेची जाडी, आंतील व्यास, पिळाची दिशा व दोन्ही टोंकांमधील कोन हीं चारी जुन्या स्प्रिंगशीं ताडून पाहावीं. जुना शाफ्ट घेतांना त्याच्या टोंकावर बारीक कानस फिरवावी. चांगल्या पाण्याच्या पोलादावरून कानस घसरते. ती सहज खाऊं लागली, तर तो माल घेऊं नये.

दांडा शाफ्टवर हातानें सरकावा. हातोड्यानें ठोकून बसणारा दांडा शाफ्टचे दांते कापतो. दांडा बसल्यावर बोल्ट नीट आवळावा व आठ दिवसांनीं पुन्हां तपासावा. सैल बोल्टानें चाललेली किक थोड्याच दिवसांत दोन्ही भाग खाऊन टाकते.

दांडा शाफ्टला वेल्डिंगनें जोडण्याची चाल फार पसरली आहे, ती सोडावी. त्या उष्णतेनें शाफ्टचें पाणी उतरतें व शेजारचें ऑईल सील जळतें. शिवाय शाफ्ट झाकणांतून बाहेर येत असल्यामुळें दांडा कापल्याशिवाय झाकणच निघत नाहीं. पुढें क्लचचें साधें काम निघालें तरी शाफ्टचा बळी द्यावा लागतो. गाडी अडलीच तर दुसऱ्या गिअरमध्यें ढकलून सुरू करावी व दोन दिवस तसें भागवावें. वेल्डिंगपेक्षां तें बरें.

शेवटीं एक सूचना. किक वारंवार मोडत असेल तर भागास दोष देण्यापूर्वीं इंजिन पायावर उलटा झटका देतें काय, तें पाहावें. ठिणगी वेळेपूर्वीं पडत असल्यास असें होतें. तें न सुधारतां बसविलेला नवा भागहि जुन्याच्याच वाटेनें जाईल.