दर संकेत बदलला? विचारा, कोणत्या आदेशानं?

घराच्या पडवीत मसाला कांडप, एका खोलीत शेवयांचं यंत्र, माजघरात शिलाई मशीन. गटातल्या बऱ्याच जणींचा उद्योग हा असा घरातच चालतो. आणि मग एखाद्या महिन्यात वीजबिल एकदम फुगून येतं. युनिट तेवढेच, रक्कम मात्र भलतीच. विचारायला गेलं की उत्तर मिळतं, "तुम्ही धंदा करता ना, मग घरगुती दर कसा मिळेल?" बाई गप्प होते, कर्ज काढून बिल भरते. दिवाळीपर्यंत कांडपाचा नफा बिलातच जातो.

हे उत्तर बहुतेक वेळा चुकीचं असतं. का, ते नीट समजून घेऊया.

विजेचा दर वीज कंपनी स्वतःच्या मर्जीनं ठरवू शकत नाही. महाराष्ट्रात तो राज्य वीज नियामक आयोग ठरवतो, आणि त्याचा लेखी दर आदेश निघतो. कोणाला कोणता दर, हे त्यात लिहिलेलं असतं. हा आदेश कंपनीला पाळावाच लागतो. आयोगानं ठरवला नाही असा वर्ग कंपनीला बनवता येत नाही. ठरल्यापेक्षा जास्त पैसे घेतले, तर वीज कायदा २००३ च्या कलम ६२ (६) प्रमाणे ते व्याजासह परत मागता येतात.

आता आपल्या कामाची ओळ. आयोगाच्या मार्च २०२० च्या आदेशात घरगुती वर्गाखाली लिहिलंय, की राहत्या घराच्या एका भागात व्यवसाय करणाऱ्या ग्राहकाला घरगुती दरच लागू राहील. अट अशी, की वापर महिन्याला ३०० युनिटपर्यंत आणि आधीच्या आर्थिक वर्षात मिळून ३६०० युनिटपर्यंत असावा. वर्ष संपल्यावर हिशोब बघायचा. ३६०० च्या वर गेलं तर पुढे दर बदलू शकतो, पण आधी कळवून. न सांगता बिलातच बदल करायचा, हे त्या आदेशात बसत नाही. दर आदेश नवे येत असतात, म्हणून अर्ज लिहिताना चालू आदेशात ही ओळ कशी आहे, ते कार्यालयात विचारून घ्या.

३०० युनिट म्हणजे किती काम? दोन अश्वशक्तीची मोटर तासाला साधारण दीड युनिट घेते. रोज चार तास, महिन्यात पंचवीस दिवस चालवली तर दीडशेच्या आसपास. घराचा वापर ऐंशी धरला तरी अडीचशेच्या आतच राहतो. म्हणजे लहान उद्योगाला ही सवलत पुरते. लग्नसराईत मात्र मीटरवर लक्ष ठेवा.

गटानं वेगळा गाळा भाड्यानं घेतला असेल तर घरगुती दर मागता येणार नाही, ते खरं. पण तिथेही एक गोष्ट तपासाच. पिठाची गिरणी, मसाला गिरणी, डाळ गिरणी, पोहे गिरणी ही नावं आयोगाच्या आदेशात उद्योग वर्गात दिलेली आहेत. दुकानाचा, म्हणजे व्यापारी दर लावला असेल तर तोही चुकीचा.

आता बिल हातात घ्या. त्यावर 'दर संकेत' असा एक रकाना असतो. समोर इंग्रजी अक्षरं असतात, शाळेत जाणारी पोरगी वाचून देईल. 'रेस' असेल तर घरगुती, 'कॉम' असेल तर व्यापारी. जुनी बारा बिलं काढा आणि कोणत्या महिन्यापासून हा संकेत बदलला ते शोधा. संकेत तोच असेल आणि बिल तरी वाढलं असेल, तर कारण वेगळं आहे: युनिट वाढले, वरच्या टप्प्यात गेलात, इंधन समायोजन आकार लागला किंवा आयोगानंच दर वाढवला. त्यावर भांडून हाती काही लागत नाही. आधी नेमकं काय बदललं ते कळलं पाहिजे.

संकेतच बदलला असेल तर उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्या. तोंडी सांगणं म्हणजे वाऱ्यावर सोडणं. अर्ज असा लिहा: "माझा ग्राहक क्रमांक अमुक. मी राहत्या घराच्या एका भागात मसाला कांडप करते. गेल्या बारा महिन्यांचा वापर सोबतच्या बिलांप्रमाणे आहे. अमुक महिन्यापासून मला व्यापारी दर लावला. कोणत्या तारखेच्या तपासणीवरून आणि कोणत्या आदेशानं तो बदलला, ते लेखी कळवावे. दर पूर्ववत करून जास्त घेतलेली रक्कम व्याजासह पुढील बिलात वळती करावी." दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का द्यायला कुरकुर केली तर पोचपावतीसह स्पीड पोस्टानं पाठवा.

या काळात बिल भरणं थांबवू नका. राग येतो, पण थकबाकी दिसली की वीज तोडायला निमित्त मिळतं. कलम ५६ मध्ये सोय आहे. वाद चालू असताना मागितलेली रक्कम, किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यातली जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली, तर वीज तोडता येत नाही. तसंही पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय थकबाकीसाठी जोडणी तोडता येत नाही. लाईनमन दारात येऊन "आत्ता भरा नाहीतर काढतो" म्हणाला, तर नोटीस मागा.

कार्यालयानं दाद दिली नाही तर कंपनीच्याच तक्रार निवारण कक्षाकडे जायचं, आणि तिथेही समाधान झालं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मंचाकडे गेलं पाहिजे, म्हणून नुसती वाट बघत बसू नका. मंचाचा निकाल पटला नाही तर साठ दिवसांत विद्युत लोकपालाकडे जाता येतं. त्यांची कार्यालयं मुंबई आणि नागपूरला आहेत.

एक कागद मात्र वेगळा ओळखा. नोटिशीवर 'कलम १२६' लिहिलेलं असेल, तर कंपनीचं म्हणणं असतं की तुम्ही वीज अनधिकृतपणे वापरली, आणि मग आकारणी दुप्पट दरानं होते. ही तक्रार मंच ऐकत नाही. ज्या अधिकाऱ्यानं नोटीस काढली त्याच्याकडेच लगेच लेखी हरकत द्यावी लागते, कारण नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांत तो अंतिम आदेश काढतो. त्या हरकतीतही ३०० आणि ३६०० युनिटची ओळ लिहा आणि बारा बिलं जोडा.